मूळ शिंगाड्यांचं, शेंडा मंडळाचा

हनुमान शिंगाड्यांना डॉक्टरांनी छंद लिहून दिला. अगदी खरोखर लिहून दिला. रक्तदाबाच्या गोळीच्या खाली, त्याच अगम्य अक्षरात. शिंगाडे वाळूजच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात वरिष्ठ निरीक्षक. वर्षभर ते मोटारसायकलच्या सुट्या भागांना नापास करायचे आणि वर्षातून एकदा, आरोग्य तपासणीच्या दिवशी, कोणीतरी त्यांना नापास करायचं.

"मनाला शांतता मिळेल असं काहीतरी करा," डॉक्टर म्हणाले. "झाडं लावा. घरापुढं जागा आहे ना?"

जागा होती. पडेगावच्या त्यांच्या रो-हाऊसपुढं, फाटक आणि जिना यांच्यामध्ये, स्कूटर आणि तुळस यांनी आपापल्या सोयीनं जागा घेतल्यावर उरलेली एक मातीची पट्टी होती. बिल्डरच्या माहितीपत्रकात तिला 'लॉन' म्हटलेलं होतं.

"कोरफड लावा," दिपालीवहिनी म्हणाल्या. "तिची काळजी नाही घेतली तरी ती राग मानत नाही."

पण शिंगाड्यांना खाण्याजोगं काहीतरी हवं होतं. त्याला एक जुनी सल कारणीभूत होती. शिंगाड्यांचं घराणं मेंढपाळांचं. वडील कडूबा जन्मभर मेंढरांमागं फिरले. घरात कोणी कधी मूठभर बी पेरलं नव्हतं. दिपालीवहिनींचं माहेर मात्र बिडकीनकडचं, ज्वारी-कापसाचं. तिथं कुठलंही कार्य असलं की मेहुणा पंगतीत हमखास म्हणायचा, "भाऊजींना पेरायला सांगू नका रे. ते चारून टाकतील." आणि सगळी पंगत हसायची. शिंगाडेही हसायचे. लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली तरी तोच विनोद, तेच हसू, आणि तोच घशात अडकलेला जिलबीचा तुकडा.

तेवढ्यात कुंपणाच्या भिंतीवर दोन कोपरं आली आणि त्यामागून कमरोद्दीनभाईंचं डोकं आलं. शेजारचे कमरोद्दीनभाई पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. भिंतीपलीकडं बोलणं चाललंय आणि आपल्याला विचारलं जात नाही, हे त्यांना सहन होत नसे.

"चवळी लगाओ साहेब," ते म्हणाले. "चवळी तो बच्चा भी उगा लेता. बी फेकायचं, आणि भूल जाने का. बस्स."

इथंच घात झाला. ज्या विषयात नापास होताच येत नाही असा विषय माणसानं कधी घेऊ नये. त्यात पास झालं तर कौतुक नाही, आणि नापास झालं तर तोंड दाखवायला जागा नाही. पण शिंगाड्यांना त्या क्षणी फक्त मेहुण्याच्या ताटात आपल्या घरची चवळीची भाजी दिसत होती.

"दिवाळीला सगळ्यांना घरच्या शेंगा खाऊ घालतो," त्यांनी जाहीर केलं. कमरोद्दीनभाईंनी ते लगेच आत जाऊन मेहरुन्निसाभाभींना सांगितलं, भाभींनी गच्चीवरून पलीकडं सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत ते कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अध्यक्षांच्या अभिनंदनासह आलं. अध्यक्ष म्हणजे पुंजाराम तुपे. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, पण बोलताना तहसीलदारांच्या इतक्या जवळ उभे राहायचे की ऐकणाऱ्याचा गोंधळ व्हावा. त्यांनी लिहिलं होतं, 'शिंगाडे चवळी लावत आहेत. आता भोपळ्यांनी पुढे यावे.' कॉलनीत भोपळे आडनावाचं कोणी नव्हतं. तरीही बावन्न जणांनी हसण्याचं चित्र टाकलं.

कृषी सेवा केंद्रात दुकानदारानं मान वर न करताच विचारलं, "किती एकर?"

"एकर नाही. पट्टी आहे."

"म्हणजे गुंठ्यात?"

"म्हणजे... फाटकापासून स्कूटरपर्यंत."

दुकानदारानं मान वर केली. शिंगाड्यांनी आपल्या व्यवसायाला शोभेल अशी चौकशी सुरू केली. उगवण किती टक्के? तपासणी कोणी केली? बी एकसारखं आहे का? मागे औषधाच्या बाटल्या घ्यायला दोन शेतकरी उभे होते. ते आधी कंटाळले, मग रंगून ऐकायला लागले.

"मला झुडपी जात पाहिजे," शिंगाडे म्हणाले. "गुडघ्याएवढी. शिस्तीतली. वेल नको."

"मग ही घ्या. लाजाळू जात आहे. लावली तिथून हलत नाही."

पुडी घरी आली. शिंगाड्यांनी ती ओट्यावरच्या परातीत ओतली, चष्मा लावला, कारखान्यातून आणलेली मापाची कॅलिपर काढली, आणि एकेक दाणा तपासला. लहान, मोठा, चेपका, सुरकुतलेला, डाग पडलेला असा सगळा माल बाजूला काढला. निम्म्याहून जास्त बी नापास झालं.

"हे काय करू?" दिपालीवहिनींनी नापास बियांच्या वाटीकडं बघून विचारलं.

"भंगार."

वहिनींनी वाटी कोपऱ्यात, भिंतीच्या कडेला रिकामी केली. बाहेर त्याच जागी रस्त्याच्या दिव्याचा खांब होता, हे तेव्हा कोणाच्याही लक्षात येण्याचं कारण नव्हतं.

मग पास झालेल्या बियांची सरबराई सुरू झाली. मेहरुन्निसाभाभींनी भिंतीवरून सांगितलं, "पहले भिजवा हो भाऊ. रातभर." कमरोद्दीनभाई म्हणाले, "पानी कम. बिलकुल कम. चवळीला पाणी म्हणजे जहर." हे त्यांनी अधिकारवाणीनं सांगितलं, पाणी कमी कसं पोचवायचं याचा त्यांच्या खात्याला दांडगा अनुभव होता. तुपे साहेब म्हणाले, बी पेरण्याआधी माती परीक्षण करून घ्या, नमुना तीन प्रतींत द्या. मेहुण्यानं फोनवर सांगितलं, "काय करू राहिले भाऊजी तुम्ही? चवळी पेरायला एवढं काय? फेका अन् मोकळे व्हा." शिंगाड्यांचा स्वभाव असा की कोणाचाही सल्ला त्यांनी वाया जाऊ दिला नाही. बी भिजवलं, मग पाणी कमी हवं म्हणून तसंच झाकून ठेवलं, मग मातीचा नमुना द्यायला गेले तर कार्यालयाला सुट्टी निघाली, आणि परत आले तोवर पातेल्यातून असा वास यायला लागला होता की वहिनींनी खिडक्या उघडल्या. त्यातूनही तगलेलं बी मोजूनमापून लावलं. दोन बियांमधलं अंतर कॅलिपरनं तपासलं. पहिल्या ओळीला मुंग्या लागल्या, दुसरीवर कबुतरं बसली. तिसरी ओळ उगवलीच नाही. तिचं कारण ती स्वतःच जाणे.

आणि एका सकाळी शिंगाडे दात घासत बाहेर आले तर कोपऱ्यात, भिंतीच्या कडेला, भंगार उगवलं होतं.

जाडजूड, हिरवीगार, दोन-दोन पानांची टोपी घातलेली रोपं. चेपकी, सुरकुतलेली, डाग पडलेली सगळी. शिंगाडे ब्रश तोंडात धरून बराच वेळ उभे राहिले. आयुष्यभराच्या तपासणीवर कोणीतरी शेरा मारल्यासारखं झालं.

"चला, उगवलं तरी," वहिनी म्हणाल्या.

"तपासणीत कुठंतरी अदलाबदल झाली असणार," शिंगाडे म्हणाले, आणि तोच खुलासा त्यांनी पुढं सगळ्यांना दिला.

आता प्रेमाला भरतं आलं. कॉलनीत नळाला पाणी येतं ते पाहुण्यासारखं. आठवड्यातून एखाद्या वेळी, न कळवता, आणि बसायला सांगितलं तरी लगेच निघायच्या घाईत. त्या पाण्यातून बागेला पाणी घालणं म्हणजे कॉलनीच्या डोळ्यांवर येणं. म्हणून शिंगाडे टबमध्ये उभं राहून अंघोळ करू लागले आणि अंघोळीचं पाणी चवळीला जाऊ लागलं. त्यासाठी त्यांनी साबण सोडला. मग वहिनींनी काही दिवस शेजारच्या खोलीत झोपायचं ठरवलं. खताच्या बाबतीत प्रत्येकानं 'एक मूठ' सांगितली होती. कमरोद्दीनभाईंनी कोंबडीखताची एक मूठ, तुप्यांनी शेणखताची, भाभींनी राखेची, दुकानदारानं युरियाची. शिंगाड्यांनी सगळ्यांचा मान राखला. दर रविवारी.

आणि चवळीनं ते पचवलं. लाजाळू जात गुडघ्यापाशी आली, थांबली नाही. कमरेशी आली. भिंतीवर चढली, पलीकडं वाकून बघितलं, खांब दिसला, आणि मग तिनं मागं वळून पाहिलं नाही. श्रावण संपता संपता खांब दिसेनासा झाला. त्या खांबावर दोन गोष्टी होत्या. एक उपनगर सुविधा मंडळाचा दिवा, आणि दुसरा कॉलनीचा कॅमेरा, जो तुपे साहेबांनी वर्गणी गोळा करून, नारळ फोडून बसवला होता. तुपे दररोज जेवण झाल्यावर मोबाइलवर कॉलनीत कोण आलं, कोण गेलं ते बघायचे. आता त्यांना रोज चवळीची पानं दिसू लागली. वाऱ्यानं हलायची तेवढीच घटना.

शेंग मात्र एकही नव्हती. फूलसुद्धा नाही. नुसती पानं, तळहाताएवढी, तेल लावल्यासारखी.

शिंगाडे दुकानात गेले. "ही झुडपी जात आहे? ही दुसऱ्या मजल्यापर्यंत गेलीय!"

"खाऊ काय घातलं?" दुकानदारानं विचारलं. ऐकून घेतलं, आणि हात जोडले. "साहेब, एवढं खत मी माझ्या चार एकराला टाकत नाय. चवळीला पोट भरलं की ती शेंगा कशाला धरंल? ती फिरायला निघते."

आता वेल तोडणं भाग होतं. पण तुपे साहेबांनी तोवर उपनगर सुविधा मंडळाकडं रीतसर तक्रार केली होती, आणि रीतसर तक्रार म्हणजे कणीक मळण्याच्या यंत्रात बोट घालण्यासारखं असतं. एकदा आत गेलं की सगळा हात जातो.

शिंगाडे रजा टाकून मंडळाच्या कार्यालयात गेले. दिवाबत्ती विभागातला माणूस शांतपणे म्हणाला, "खांब आमचा. वेल आमची नाही. दिवा बंद असेल तर सांगा."

"दिवा चालू आहे. पण दिसत नाही."

"चालू आहे ना? मग आमचं काम झालेलं आहे."

तो त्यांना उद्यान विभागात पाठवून मोकळा झाला. उद्यान विभाग वरच्या मजल्यावर. तिथं कुंडीतलं एक झाड वाळून उभं होतं. तिथल्या साहेबांनी फोटो पाहिला आणि खुर्चीतून पुढं सरकले. "तोडू बिडू नका हं. मंडळाच्या जागेवरची हिरवळ ही मंडळाची मालमत्ता असते. तोडली तर दंड आहे."

"अहो, पण ती माझ्या दारात उगवलीय!"

साहेबांनी फोटोवर बोट ठेवलं. "हे मूळ तुमचं. भिंत ओलांडली की पुढचं सगळं आमचं. मूळ तुमचं, शेंडा आमचा."

शिंगाडे घरी पोचतात तर फाटकाला अतिक्रमण विभागाची नोटीस चिकटवलेली. त्यांनी 'मंडळाच्या विद्युत खांबावर हरित स्वरूपाचे अनधिकृत वाढीव बांधकाम' केल्याचं आढळलं होतं आणि ते त्यांनी मुदतीत स्वतःहून पाडायचं होतं. नाहीतर पथक येणार होतं. म्हणजे तोडली तर दंड आणि न तोडली तर पथक. शिंगाड्यांनी रक्तदाब मोजायचं यंत्र लावलं. यंत्रानं आकडा दाखवला, मग स्वतःच गप्प होऊन पुन्हा मोजायला सुरुवात केली.

अशा घडीला कडूबा आले. डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा होता म्हणून लेकाकडं मुक्काम. पांढरं धोतर, डोक्याला पटका, आणि हातात ती लांब काठी, टोकाला लोखंडी आकडी असलेली; उंचावरचा पाला ओढून मेंढरांना घालायची. काठीशिवाय ते संडासलाही जात नसत. त्यांनी रिक्षातून उतरून खांबाकडं बघितलं, मग हात कपाळावर धरून पुन्हा बघितलं.

"हनुमान्या, हे तू केलं?"

"हो," शिंगाडे खाली मान घालून म्हणाले. "शेंगा नाही धरल्या, आबा."

"शेंगा कशाला पाहिजे?" म्हातारा खरोखरच चक्रावला. "असा पाला म्या जन्मात नाय पाह्यला. लई झाक. दीडशे मेंढरं पोटभर जेवतील."

शिंगाड्यांना यात आनंद मानावा की मेहुण्याचा विनोद शेवटी खरा ठरल्याचं दुःख करावं, ते कळेना.

इकडं तुपे साहेबांना एक बातमी कळली. त्याच मंडळाची 'हरित वसाहत' नावाची स्पर्धा होती, आणि जिंकणाऱ्या वसाहतीच्या अध्यक्षाचा मंडळाच्या मोठ्या साहेबांबरोबर फोटो छापून येणार होता. तुप्यांनी एका रात्रीत मत बदललं. कालपर्यंत जी 'सदर उपद्रवी वेल' होती ती अर्जात 'कॉलनीच्या प्रेरणेने साकारलेली उभी बाग' झाली. आणि परीक्षक यायच्या सकाळी ते भाजीवाल्याकडून चवळीच्या शेंगांची पिशवी घेऊन दारात हजर झाले. मागून कमरोद्दीनभाई शिडी घेऊन, आणि भाभींच्या शिवणाच्या डब्यातला हिरवा दोरा.

"हे काय?" शिंगाड्यांनी विचारलं.

"उत्पादन," तुपे म्हणाले. "नुसत्या पानांना कोण बक्षीस देतं?"

"साहेब, माझ्या लाईनवरून असा माल पुढं जात नाही."

"अहो, ही लाईन तुमची नाही. भिंतीच्या पलीकडचं मंडळाचं आहे. तुम्हालाच सांगितलंय ना त्यांनी?"

कायद्याच्या बाजूनं हे बिनतोड होतं. शिंगाडे ओसरीवर बसून राहिले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत कमरोद्दीनभाई शिडीवरून शेंगा बांधत राहिले. "सीधी नक्को, थोडी तिरछी दिसली पाहिजे," भाभी खालून दिशा देत होत्या. "कुदरती दिसते मग." वहिनी दारात उभ्या राहून एकदा नवऱ्याकडं, एकदा शेंगांकडं बघत होत्या. ते बघणंच शिंगाड्यांना जास्त लागलं.

परीक्षक आल्या. रूपा मॅडम, उद्यान विभागाच्या, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल. त्यांनी वर बघितलं आणि त्यांच्या तोंडून "वा!" निघालं. फोटो घेतले. वेलीबरोबर तुपे, वेलीबरोबर तुपे आणि कमरोद्दीनभाई, वेलीबरोबर नुसते तुपे. मग त्या शिंगाड्यांकडं वळल्या. "सर, साधारण किती उत्पन्न निघतं?"

सगळी कॉलनी ऐकत होती. तुपे साहेब डोळ्यांनी आकडा सुचवत होते. शिंगाड्यांनी आयुष्यात हजारो नगांवर सही केली होती, पण मनातून पटल्याशिवाय एकावरही नाही.

"मॅडम," ते म्हणाले, "त्या शेंगा बाजारातल्या आहेत. दोऱ्यानं बांधल्यात. या वेलीला एकही शेंग नाही. मला चवळी जमली नाही."

कमरोद्दीनभाईंनी दोऱ्याचं रीळ खिशात घातलं. दिपालीवहिनींच्या चेहऱ्यावर जे आलं ते शिंगाड्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. शेजारच्या खोलीतला मुक्काम संपल्याची ती खूण होती.

रूपा मॅडम मात्र अस्वस्थ झाल्या. "सर, तुम्ही आधी सांगायचं ना. फोटो वर गेलाय. ॲपमध्ये मागं यायची सोय नाही."

"मग आता?"

"आता बक्षीस घ्यावं लागेल. पण तुम्ही प्रामाणिकपणे सांगितलंत, म्हणून पहिलं नको. उत्तेजनार्थ टाकते."

ती अक्षरं दाबली जात असतानाच कोपऱ्यावरून अतिक्रमणाची गाडी वळली. पाच माणसं, एक शिडी, एक भोंगा. पथकप्रमुखानं भोंग्यावरून घोषणा केली की नागरिकांनी आपल्या मौल्यवान वस्तू वेलीवरून काढून घ्याव्यात.

"थांबा!" रूपा मॅडम ओरडल्या. "ही पुरस्कारप्राप्त वेल आहे."

"आमच्याकडं आदेश आहे."

"माझ्याकडं नोंद आहे."

दोघांनी आपापल्या साहेबांना फोन लावला. दोघांनाही फोन लागत नव्हता, कारण साहेब एकच होते. उद्यानाचे साहेब, आणि अतिक्रमणाचा त्यांच्याकडं अतिरिक्त कार्यभार. शेवटी त्यांनी एकाचा उचलला, दुसऱ्याला थांबवलं, आणि दोघांनाही एकच आज्ञा दिली: "नियमानुसार करा."

नियमानुसार पथक खांबापाशी गेलं, तेव्हा लक्षात आलं की त्यांच्याकडं शिडी आहे पण विळा नाही. तोडायची अवजारं उद्यान विभागाच्या ताब्यात असतात. त्यासाठी मागणीपत्र लागतं. पथकप्रमुखानं ते कशावर लिहायचं याची चौकशी सुरू केली, रूपा मॅडमनी ते आपण स्वीकारू शकत नसल्याचं सांगितलं, तुपे साहेब मागणीपत्राचा नमुना तोंडी सांगू लागले, आणि कोणाचंच कडूबांकडं लक्ष नव्हतं.

म्हातारा एका डोळ्यानं हे सगळं बघत होता. त्याला त्यातलं एवढंच समजलं की वरचा पाला खाली यायला पाहिजे आणि एवढ्या माणसांना तो काढता येईना. तो उठला, खांबाखाली गेला, काठी वर केली, आकडी मधोमध अडकवली, आणि आयुष्यभर बाभळी ओढलेल्या हातांनी एक हिसका दिला.

वेल आली. सबंध आली, एखादी मोठी हिरवी म्हैस बसावी तशी रस्त्यात बसली. तिच्याबरोबर बाजारातल्या शेंगा आल्या, जुना पतंग आला, मेहरुन्निसाभाभींची हरवलेली ओढणी आली, आणि शेवटी तारेला लोंबकळत, दोन झोके घेऊन, तुपे साहेबांचा कॅमेरा आला.

"कोणी केलं हे?" पथकप्रमुख आणि रूपा मॅडम एकदम म्हणाले.

"म्या," कडूबा म्हणाले. "तुमचं चालू द्या."

पंचनामा कोणाच्या नावानं करायचा यावर पुढं बराच वेळ चर्चा झाली, पण वेल नव्हती म्हणून अतिक्रमण नव्हतं, आणि बक्षीस फोटोला होतं म्हणून वेलीची गरज नव्हती. दोन्ही विभागांची माणसं आपापलं काम झाल्याच्या समाधानात निघून गेली. कडूबांनी रिक्षात पाला भरला आणि दौलताबादच्या रस्त्याला माळावर उतरलेल्या एका नातलगाच्या कळपाकडं नेला. परत आले ते खुशीत. "मेंढरांनी देठ ठेवला नाय," ते लेकाला म्हणाले, आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. शिंगाड्यांच्या पाठीवर वडिलांची थाप शेवटची कधी पडली होती, ते त्यांना आठवलं नाही. काही दिवसांनी मंडळाकडून एकच पाकीट आलं. त्यात उत्तेजनार्थ प्रमाणपत्र होतं आणि खुलासा मागणारी दुसरी नोटीस.

शिंगाड्यांनी ते दोन्ही कपाटात टाकलं आणि चवळीशी बोलणं सोडलं. भिंतीच्या आत बुंधा आणि दोन-चार फांद्या उरल्या होत्या. त्यांना पाणी नाही, खत नाही, नजर नाही. शिंगाडे साबण लावून अंघोळ करू लागले. चवळी रुसली असेल म्हणावं, तर त्या दुर्लक्षानंच तिला शहाणपण आलं. पानं लहान झाली, जांभळट फुलं आली, आणि एके दिवशी वहिनी केर काढता काढता थांबल्या. "अहो, इकडं या."

शेंगा. कोवळ्या, बोटाएवढ्या, जोडीजोडीनं लोंबणाऱ्या. बिनदोऱ्याच्या.

दहा मिनिटांत भिंतीवर कोपरं आली. "मैं क्या बोल्या था? पानी कम!" कमरोद्दीनभाई म्हणाले. भाभींच्या मते हा राखेचा गुण होता. तुपे साहेबांनी ग्रुपवर लिहिलं की छाटणीचा निर्णय समितीनं योग्य वेळी घेतल्यामुळं हे शक्य झालं. कडूबा म्हणाले, "ओढलं की धरतं. माणसाचंबी तसंच हाये." मेहुण्यानं फोनवर सांगितलं, "म्या तर पहिल्या दिवशीच म्हणलो होतो, फेका अन् मोकळे व्हा."

"आता तोडा," वहिनी म्हणाल्या. "कोवळ्या आहेत तोवर भाजी चांगली होते."

पण शिंगाडे कुठले तोडतात! इतक्या अपमानानंतर आलेल्या शेंगा. त्या लोकांनी बघायला नकोत? शिफ्टच्या बसमधल्या सहकाऱ्यांनी बघायच्या होत्या, पलीकडच्या गल्लीतल्यांनी बघायच्या होत्या, मेहुणा दिवाळीला यायचा होता. "आणखी थोडी वाढू दे," असं म्हणत त्यांनी दिवाळीपर्यंत शेंगा वेलीवर ठेवल्या. शेंगा वाढल्या. वीतभर झाल्या. लोकांनी फोटो काढले.

भाऊबिजेला शिंगाड्यांनी शब्द पाळला. सतरंजीवर एका बाजूला मेहुणा, त्याच्याशेजारी तुपे साहेब, समोर कमरोद्दीनभाई आणि भाभी, मध्ये कडूबा. गरम भाकरी, तिळाचा कूट घातलेली घरच्या चवळीच्या शेंगांची भाजी. वास सुंदर होता. शिंगाड्यांनी स्वतः वाढली, प्रत्येकाच्या ताटात, मेहुण्याच्या ताटात जरा जास्त.

पहिला घास सगळ्यांनी एकदमच घेतला.

शेंगा जून झाल्या होत्या. साध्या जून नाही. त्यांच्या शिरांची सुतळी वळता आली असती. घास तोंडात गेला आणि तिथंच राहिला. तुपे साहेबांनी तो डाव्या गालात नेला, मग उजव्या. कमरोद्दीनभाईंनी काहीतरी सांगायला बोट वर केलं आणि जबडा मोकळा होईना म्हणून तसंच खाली घेतलं. भाभींनी डोळे मिटले. मेहुण्याच्या चेहऱ्यावर तो जुना विनोद आलेला स्पष्ट दिसत होता, ओठांपर्यंत येऊन शेंगेला अडकत होता, पुन्हा मागं जात होता. थुंकावं तर समोर दारात ताई उभी. सगळे चावत राहिले, माना खाली घालून, एका तालात, दावणीला बांधल्यासारखे. कडूबांनी दात नसल्यामुळं शेंगेच्या वाटेला न जाता रस्सा भाकरीत कुस्करून घेतला होता; तेवढेच मोकळे होते, आणि ते मुळातच कमी बोलत.

शिंगाड्यांच्याही तोंडात घास होता. त्यांनी चावता चावता सगळीकडं नजर फिरवली. बाहेर कुठंतरी फटाका वाजला, तेवढाच. वहिनी पदर तोंडाला लावून स्वयंपाकघराच्या दारात हसत होत्या. चवळी पेरल्यापासून पहिल्यांदाच त्या घरात इतकी माणसं जमली होती आणि शिंगाड्यांना कोणीही, काहीही, सुचवत नव्हतं. त्यांनी भाजीचं पातेलं पुढं ओढलं, आणि कोणी मान हलवायच्या आत सगळ्यांना आणखी एकेक डाव वाढला.